विनोदाआधीचं हसू

क्लीव्हलंड, ४ मार्च २०१८

कॉर्नेल,

आधी ‘प्रिय’ लिहून खोडलंय, ते दिसत असेलच. त्यासाठी नवा कागद घ्यावासा वाटला नाही.

हे पत्र रोशेलच्या हट्टापायी लिहितोय. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती पाच वर्षांची होती. आता सत्तावीसची आहे आणि आईसारखीच भुवई उडवून बापाला गप्प करते. तुझा इंगलवुडचा पत्ता तिच्याकडे होता. म्हणजे तुम्ही काका-पुतणी नाताळाला एकमेकांना कार्डं पाठवत होता आणि मला बावीस वर्षं पत्ता नव्हता. लॉनी पेटिग्रूचे कान तिखट आहेत असं सगळं शहर म्हणतं, पण पोस्टाच्या पेटीला आवाज नसतो.

बातमी अशी. जानेवारीत माझ्या डेल्फीनला अर्धांगाचा झटका आला. रविवारी चर्चमधून घरी आल्यावर, आरशासमोर हॅट काढताना. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय हळूहळू परत येताहेत. शब्द मात्र गेले. डॉक्टर म्हणतात, तिला सगळं समजतं. पण बोलायला गेली की तोंडातून एकच शब्द निघतो: ‘गुरुवार’. पाणी हवं, गुरुवार. खिडकी लाव, गुरुवार. माझा राग आला तरी गुरुवारच, आणि तो फार खणखणीत येतो.

हाच शब्द का उरला, ते तुला सांगायला नको. गुरुवारी रात्री आठ वाजता टीव्हीवर ‘ट्रेडवेल्स’. त्या अर्ध्या तासात आपल्या ग्लेनव्हिलच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. आपल्याच रंगाचं कुटुंब, खाली बापाचं स्वतःचं औषधांचं दुकान, वर घर, आई शाळेची मुख्याध्यापिका, चार पोरं, आणि भागभर कुणी तुरुंगात जात नाही की कुणाला गोळी लागत नाही. फार तर पोरगा गाडी ठोकतो. आपली आई तर गोष्ट सोडून घरच बघायची. “पडदे बघ, लॉनी! इस्त्री केलेले पडदे!”

तू तेव्हा कॅलिफोर्नियात, विमानांच्या कारखान्यात. मी आईच्या तळघरात लोकांचे अँप्लिफायर दुरुस्त करत होतो. आपला बाप मिशिगनला कामाला म्हणून गेला तो गेलाच, मी तेव्हा सात वर्षांचा. तेव्हा बाप म्हणून मला जे काही येतं ते मी मिस्टर ट्रेडवेलकडून उचललं. पोरीच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवायचं. आपली चूक असेल तर तिची माफी मागायची. दुकानावर स्वतःचं नाव टाकायचं, आणि रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं मोठं. टायच्या टोकाने चष्मा पुसायची माझी सवयसुद्धा त्याचीच. आणि ती बाटली. आठवते? तो जेवणाच्या टेबलावर औषधाची एक रिकामी तपकिरी बाटली ठेवायचा. ज्याच्या हातात बाटली, त्याने दिवसभरातलं काहीतरी सांगायचं. बाकीच्यांनी तोंडात घास धरून गप्प बसायचं. आमच्या टेबलावर रोशेलच्या जन्मापासून तशी बाटली आहे. हल्ली डेल्फीनच्या हातात आली की ती बराच वेळ तिच्याकडे बघत बसते. आम्ही थांबतो. कॉर्नब्रेड गार होतो. मग ती म्हणते, “गुरुवार,” आणि बाटली पुढे देते.

माझं बरं चाललंय. तळघर सोडून पंचवीस वर्षं झाली. या राज्यात काळ्या लोकांच्या कुठल्याही चर्चमध्ये जा, पास्टरचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचत असेल तर समज, माइक मी बसवलाय.

येऊ नकोस. तुला बोलावण्यासाठी हे लिहिलेलं नाही. फोनही करू नकोस. तुझा आवाज घरात नको. एक बारीकशी गोष्ट विचारायची होती, धंद्याच्या कामाची. सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरमध्ये डेल्फीन दहा दिवस तुझ्याकडे आली होती, तेव्हा तुम्ही दोघं ‘ट्रेडवेल्स’चं चित्रीकरण बघायला गेला होता. प्रेक्षकांत कितव्या रांगेत बसला होता?

उत्तर कार्डावर चालेल.

लॉनी


क्लीव्हलंड, २५ मार्च

कॉर्नेल,

कार्ड मिळालं. “चौथी रांग, डावीकडे. का? ती कशी आहे? मी येतो.” मागे समुद्राचं चित्र. तुमच्याकडे समुद्र आहे हे आम्हाला ठाऊक होतं.

येऊ नकोस, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. इथे माणसांची वाण नाही. चर्चच्या बायका आळीपाळीने येतात, प्रत्येकीच्या हातात ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये मॅकरोनी आणि चीज. आमच्या फ्रिजमध्ये आता दुसरं काही मावत नाही.

रांग का विचारली ते सांगतो. ज्या कार्यक्रमात खऱ्या लोकांचं हसू टिपतात, तिथे प्रेक्षकांच्या डोक्यावर माइक टांगलेले असतात, साधारण तिसऱ्या-चौथ्या रांगेवर. म्हणजे तुम्ही बरोब्बर माइकखाली होता. माझा अंदाज खरा निघाला. माझे अंदाज खरे निघतात, हेच माझं दुखणं आहे.

तो भाग पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी आईबरोबर बसून बघितला. नोव्हेंबरमधला गुरुवार. ट्रेडवेलच्या पोराने दुकानाची गाडी झाडावर घातलेली असते. बाप त्याच्या खोलीत येतो. पोरगा पलंगावर बसलाय, मान खाली. बाप बोलत नाही. चष्मा काढतो, टायच्या टोकाने पुसतो. सगळं चिडीचूप. आणि त्या शांततेत प्रेक्षकांतून एकटीच बाई हसते. आधी आत ओढलेला श्वास, मग पायरी चुकल्यासारखा एकदम उंच गेलेला सूर, आणि शेवटी बारीकशी उचकी.

आई खुर्चीतून उठलीच. “अरे देवा! ही तर आपली डेल्फीन!”

तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या घरातली, आपल्या चर्चची सिस्टर ओझेला. फोन आईच्या कानाला होता, पण ओझेलाबाईंना फोनची गरज कधी होती? मला खोलीच्या या टोकाला ऐकू येत होतं. “ऐकलंस का गं? डेल्फीन टीव्हीवर हसली! अख्ख्या देशाने ऐकलं!” रविवारी पास्टरने भर चर्चमध्ये तिला उभं केलं. “आपल्या सिस्टर डेल्फीनचं हसू किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत गेलं!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने तोंडापुढे पंखा धरला.

सगळे म्हणाले, मिस्टर ट्रेडवेलने हसवलं तिला. मी मागच्या बाकावर बसून सेकंद मोजत होतो. कारण ट्रेडवेलचा विनोद त्यानंतर येतो. चष्मा घालून तो म्हणतो, “गाडीचं काय झालं ते मला दिसतंय. झाडाची तब्येत कशी आहे?” तेव्हा सगळे हसतात. डेल्फीन त्याच्या चार सेकंद आधी हसली. चार सेकंद, कॉर्नेल. त्या वेळी समोर हसण्यासारखं काहीही नव्हतं. एक माणूस चष्मा पुसत होता, बस.

मग ती कशाला हसली? किंवा, कुणाला?

हा प्रश्न घेऊन मी तिच्याशी लग्न केलं. एकोणतीस वर्षं तो माझ्या खिशात आहे. तिला कधी विचारला नाही. विचारणार कसा? मिस्टर ट्रेडवेल असले प्रश्न विचारत नसे.

आता हे सगळं वर का आलं, तर तिला बोलायला शिकवायला एक मुलगी येते, ती म्हणाली, ओळखीचे आवाज ऐकवा. रोशेलने लगेच ट्रेडवेल्स लावले. एक वाहिनी रोज संध्याकाळी सहाला जुने भाग दाखवते. डेल्फीन बघते, पण भिंतीकडे बघावं तशी. गेल्या महिन्यात तो भाग लागला. हसू आलं, आणि तिने झटकन मान वळवली. डावीकडे. डोळ्यांत एकदम जीव. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. रोशेल रडायलाच लागली. “डॅडी, तिने स्वतःचं हसू ओळखलं!”

मीही तसंच म्हणालो.

तू तिच्या कुठल्या बाजूला बसला होतास ते सांगू नकोस.

लॉनी


क्लीव्हलंड, १५ एप्रिल

कॉर्नेल,

तुझी दोन कार्डं आली, दोन्हींवर तेच: येऊ का? उत्तर दिलं नाही, कारण मी कामात होतो. काम काय ते सांगायची लाज वाटते, पण समोर बसून सांगण्यापेक्षा कागदावर सोपं.

तो भाग मी रेकॉर्ड केला आणि दुकानात नेला. पोरं घरी गेल्यावर चांगले हेडफोन लावून ते चार सेकंद ऐकले. किती वेळा, ते विचारू नकोस. हसण्याच्या अगदी आधी, खाली, तळाशी, एक पुरुषी आवाज आहे. शब्द लागत नाहीत. नुसती घरघर, दूरवर ट्रक चालू असावा तशी. दुसऱ्या कुणाला ते यंत्राचं गुरगुरणं वाटलं असतं. पण त्या आवाजाने मला लहानपणी अंगाई म्हटलीय, मला शिव्या दिल्यात, अंधाऱ्या जिन्यावर “घाबरू नको, मी आहे” म्हटलंय. मला कळणार नाही?

मग मी तो काढून टाकला. खालचे सूर कापले की पुरुषाचा आवाज जातो आणि बाईचं हसू राहतं. भिंतीवरचा डाग पुसावा तसं. राहिली फक्त माझी बायको. एकटीच हसणारी, स्वच्छ. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, तीस वर्षांपूर्वीच हे करायला हवं होतं.

घरी आलो आणि तिला ते ऐकवलं.

तिने मान वळवली नाही.

पुन्हा ऐकवलं. भिंतीकडे बघतेय. मग मूळचं लावलं, तुझी घरघर असलेलं. लगेच मान वळली. डोळे मोठे. मी पुन्हा स्वच्छ केलेलं लावलं: काही नाही. मूळचं: मान वळली. रोशेल दारात उभी होती, हे मला कळलं नव्हतं. “डॅडी! ती आई आहे. तुमचा स्पीकर नाही!” हातातलं यंत्र तिने काढून घेतलं. डेल्फीन माझ्याकडे बघून म्हणाली, “गुरुवार.” खणखणीत.

तेव्हा आता तुला-मला दोघांनाही माहीत आहे. तिने स्वतःचं हसू ओळखलेलं नाही. तुझा आवाज ओळखलाय.

आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मी तुला घराबाहेर काढलं ते पहिल्या गाडीत कुणी बसायचं यावरून, असं सगळ्यांना सांगितलं. तूही तेच सांगत असशील, उपकार झाले. खरं काय ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. अंत्यविधीनंतरचं जेवण चाललं होतं. चर्चच्या तळघरात दीडशे माणसं, चिकन, पालेभाजी, रताळ्याची गोड पाई. मी खुर्च्या मांडत होतो. स्वयंपाकघरातून ते हसू आलं. आधी श्वास, मग उंच सूर, मग उचकी. मी आत आलो तर तू ताटं विसळतोयस आणि ती ओट्याला धरून वाकलीय. काळे कपडे, डोळ्यांत पाणी, आणि हसतेय. आईला पुरून दोन तास झाले नव्हते.

लग्नाला सात वर्षं झाली होती, कॉर्नेल. माझ्या घरात ती खूप हसली. पण तसं हसू मी ऐकलं नव्हतं. तुझ्यापाशीच ते निघायचं. आणि तू ते वर्षानुवर्षं न वापरता कॅलिफोर्नियात ठेवून दिलं होतंस.

आधी ती तुझी होती. सगळ्या चर्चला माहीत होतं. इंगलवुडहून परतली ती गप्प होऊन, आणि जानेवारीत एक रेडिओ घेऊन माझ्या तळघरात आली. “लॉनी, हा वाजत नाहीये.” मी उघडला तर एक तार निघालेली. आपोआप निघत नाही ती तार. कुणीतरी नखाने ओढून काढलेली. मी जोडून दिली. पुढच्या आठवड्यात तोच रेडिओ, तीच तार. मी अडाणी नाही, मला समजलं. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात बसली: मोठ्या भावाने ताट सरकवलं म्हणून धाकट्याच्या पुढे आलं. घर केलं, धंदा केला, गाड्यांवर नाव टाकलं, पोरीला शिकवलं. लोक म्हणतात, लॉनी अगदी मिस्टर ट्रेडवेल आहे बघा. आणि आतून मी भागभर एकच ऐकत बसलोय: प्रेक्षकांतलं ते हसू.

म्हणून आता सरळ विचारतो. चौथ्या रांगेत, डावीकडे, तू तिच्या कानात काय म्हणालास?

खरं लिही. गोड करू नकोस. खोटं मला ऐकू येतं, कागदावरचंसुद्धा.

लॉनी


क्लीव्हलंड, ६ मे

कॉर्नेल,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते गाडीत बसून वाचलं, दुकानाच्या मागच्या बाजूला, काचा वर करून.

तू लिहितोस की त्या दिवशी तुझ्या खिशात किल्ली होती. इंगलवुडमध्ये दोन खोल्यांचं घर तू ठरवून ठेवलं होतंस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दाखवणार होतास. चित्रीकरण तीन तास चाललं, पाय अवघडले, नटाने चष्मा काढून टायने पुसायला सुरुवात केली, आणि तू सहज वाकून म्हणालास,

“कुणी हलू नका. मला सापडलंय.”

कॉर्नेल, हे मी विसरलो होतो. हे वाक्य माझंच. रविवारी प्रार्थना रंगात आली की त्या खटारा माइकची शिट्टी सुरू व्हायची. मागच्या बाकावरून मी उठायचो, चष्मा काढून टायने पुसायचो, आणि जणू देवाने मलाच धाडलंय अशा थाटात म्हणायचो, “कुणी हलू नका. मला सापडलंय.” आणि मी बटण फिरवलं की शिट्टी दुप्पट. वादकांची पहिली रांग तोंड दाबून हसायची. गायकवृंदात ती होती, हे मला माहीत होतं. ती हसायची की नाही, हे कधी बघितलं नाही. मान वर करायची हिंमत नव्हती.

तू लिहितोस, ‘ती हसली, आणि मला त्या क्षणी कळलं. मी तिला चार वर्षं हसवत होतो, पण असं हसू मला कधी मिळालं नव्हतं. मी तुझं नावही घेतलं नव्हतं, लॉन. फक्त तुझी नक्कल केली. ती हसता हसता पुटपुटली, “बिचारा लॉनी!” आणि पुढे बघत राहिली. नंतर विनोद झाला, सगळे हसले, ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला घर दाखवलं नाही. समुद्र दाखवला.’

आणि आईच्या दिवशी स्वयंपाकघरातसुद्धा तेच! मी बाहेर माइक लावला होता, त्याने शिट्टी घातली, तू ताट हातात धरून तेच वाक्य म्हणालास. मी आत आलो आणि तुला हाकललं. बावीस वर्षं. माझ्याच नकलेवरून.

शेवटी तू टोमणा मारलास, तो लागला. ‘बाप म्हणून सगळं ट्रेडवेलकडून शिकलास म्हणतोस. दाढी करायला तुला कुणी शिकवलं? आणि टायने चष्मा तू सहावीपासून पुसतोस, पहिला चष्मा आला तेव्हापासून, ईस्टरच्या टायने. ट्रेडवेल तेव्हा जन्मायचा होता. तू त्याच्यासारखा नाहीस, मूर्खा. त्या स्टुडिओत बसून आम्हा दोघांना तो तुझ्यासारखा वाटला.’

एवढं वाचून माझा जळफळाट निवला असेल असं तुला वाटत असेल. नाही निवला. त्याने फक्त घर बदललं. आता मला त्या अठ्ठावीस वर्षांच्या पोराचा हेवा वाटतो. तळघरात राहणारा, खिशात दमडी नाही, अंगावर थोरल्या भावाचा जुना कोट, आणि दोन हजार मैलांवर कुणीतरी त्याची नुसती नक्कल केली तर एक बाई अख्ख्या देशाला ऐकू जाईल अशी हसते. त्याला हे माहीत नव्हतं. मी त्याचं चांगलं केलं, त्याला माणूस बनवलं, त्याच्या माइकची शिट्टी कायमची बंद केली. आईच्या त्या दिवसानंतर माझ्या हाताखालचा माइक एकदाही बोंबलला नाही. आणि तिने तसं हसणं सोडून दिलं, यात नवल काय?

जुलैच्या चौदा तारखेला कुटुंबाचा मेळावा आहे, उद्यानात, शनिवारी. ये. तिच्या डाव्या बाजूला बस आणि ते वाक्य म्हण. मला नको आहे की तिला हसवणारा तू असावास. हे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर बोलायला नको. पण तिला हसताना ऐकायचंय. तुझ्या तोंडून तर तुझ्या तोंडून.

शर्टाची साइझ कळव. मेळाव्यात सगळ्यांना एकसारखे असतात, यंदा पिवळे आहेत. पाठीवर सगळ्यांचं आडनाव. ओझेलाबाई ब्याण्णव वर्षांच्या आहेत, त्यांनीही मागवलाय.

लॉनी


क्लीव्हलंड, २२ जुलै

प्रिय कॉर्नेल,

या खेपेला खोडलं नाही, बघ.

तू पोचल्याचं रोशेलने सांगितलं. इथून विमानतळापर्यंत आपण दोघं हवामानावरच बोललो. दोन म्हाताऱ्यांनी चाळीस मिनिटं ढगांवर काढली. मला तुला एक सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं, दोनदा. गिळलं.

त्या दिवशी तू तिच्या शेजारी बसलास, रोशेलने फोन वर धरला, दहा-बारा जण घास थांबवून बघत होते. तू वाकलास आणि म्हणालास. तुझा आवाज अजून तसाच आहे, मेल्या. तिने तुझ्याकडे बघितलं, फार मायेने. डाव्या हाताने तुझ्या गालावर थोपटलं आणि “गुरुवार” म्हणाली. बस. हसली नाही. सगळ्यांनी मान खाली घातली. तुझा चेहरा पडला.

खरं सांगू? मला आत कुठेतरी बरं वाटलं. मग त्याची लाज वाटली. मग पुन्हा बरं वाटलं. तू म्हणालास, “चिकनला तिखट सॉस आणतो,” आणि पलीकडच्या टेबलाकडे गेलास. सॉस तुझ्या समोरच होता.

तेवढ्यात ओझेलाबाईंनी माइक घेतला. प्रार्थना करायची होती त्यांना. मी सांगितलं होतं, स्पीकरसमोर उभं राहू नका. ब्याण्णव वर्षांची बाई कुणाचं ऐकते? थेट स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि शिट्टी! बावीस वर्षांतली पहिली. पोरांनी कान दाबले, कुत्री भुंकायला लागली. तुला दुरून ऐकू आलीच असेल. मी विचार केला नाही रे. उठलो, चष्मा काढला. टाय नव्हता, तर त्या पिवळ्या शर्टाच्या टोकाने पुसायला लागलो आणि ओरडलो, “कुणी हलू नका! मला सापडलंय!” आणि घाईत बटण उलटं फिरवलं.

शिट्टी दुप्पट झाली.

माझ्या डाव्या हाताला कुणीतरी आत श्वास ओढला.

मग तो सूर. पूर्ण नाही, वाकडा, एकाच बाजूने आलेला, पण उंच. आणि शेवटी उचकी.

रोशेलने कान दाबले होते, फोन मांडीवर पालथा. कुणी बघितलं नाही. कुणी ऐकलं नाही. त्या गोंधळात ऐकणं दुसऱ्या कुणाला शक्यही नव्हतं. मी ऐकलं. ती माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी आणून, ओठ एका बाजूला गेलेले, आणि त्या नजरेत ‘बिचारा लॉनी’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

मग शिट्टी थांबली. तू सॉसची बाटली हातात घेऊन परत आलास आणि विचारलंस, “काय झालं?”

मी म्हणालो, “काही नाही. शिट्टी.”

तुझ्यापासून ते लपवलं. पोरीपासूनही, आठवडाभर. एवढी मोठी बातमी, आणि मी ती वाढदिवसाच्या केकसारखी एकट्याने खाल्ली. उलट दुकानातून एक जुना माइक आणि स्पीकर घरी आणून जेवणाच्या टेबलापाशी ठेवला. सगळा जन्म लोकांच्या शिट्ट्या बंद करण्यात घालवला, आता रोज संध्याकाळी स्वतःच्या घरात वाजवतोय. शेजाऱ्याने भिंत ठोकली. पण मुद्दाम केलं की तिला कळतं. ती म्हणते, “गुरुवार.” म्हणजे पुरे.

परवा जेवताना बाटली तिच्याकडे आली. ती तू बसला होतास त्या खुर्चीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, “गुरुवार?” शेवटी सूर वर गेला. प्रश्न होता. तो कुठे गेला, असं विचारत होती. जळलं थोडं, खोटं कशाला बोलू. पण बाटली तिच्या हातात होती, आणि आमच्या घरात बाटलीवाल्याचं ऐकावं लागतं.

रोशेलला काल सांगितलं. तिने आधी मला मारलं, मग मिठी मारली. तुला आज सांगतोय. नोव्हेंबरात थॅंक्सगिव्हिंगच्या जेवणाला ये, खुर्ची तीच राहील. आणि वाईट वाटून घेऊ नकोस. तू सॉस घेऊन आलास तेव्हा चार सेकंद होऊन गेले होते, दादा. तेवढा उशीर तुला आयुष्यात एकदा तरी व्हायलाच हवा होता.

तुझा,
लॉनी